उभी गाडी

“काका, उभी गाडी फाटकात कशी घुसली?” गॅरेजमधली चर्चा ऐकून हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. गॅरेजच्या बाकावरच्या अनोळखी काकांना मी विचारलंच. उत्तर शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, काकूंनी दिलं.

“हे उतारावर गिअर एनवर टाकून गाडीतून उतरले!”

“एन म्हणजे न्यूट्रल. जन्मभर तसाच उतरतोय मी.”

“न्यूट्रलमध्ये चाकं मोकळी असतात हो! ऑटोमॅटिक गाडी उभी करायला पी, म्हणजे पार्क असतो. हँडब्रेक तरी ओढायचात!”

“मला अक्कल शिकवू नकोस.”

“लायसन्स काढून बसलेय, कधी किल्ली दिलीत?”

“तू ठोकशील म्हणून.”

“ते काम तुम्ही उरकलंत. आता किल्ली माझी.”

“आणि मी?”

“मागे बसा. तिथे एकही गिअर नसतो.”

घरात पाऊल टाकताच मी जाहीर केलं, “आईबाबा, अठरा पूर्ण झाली की मी ड्रायव्हिंगचा क्लास लावणार. आई, तुझंही नाव घालणार!”