दह्यातले जीव कुठल्या खणात?

मंडळी, खारमधल्या आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर एवढे जण जमलोय, आणि सगळ्यांत आधी येऊन खुर्च्या मांडणारे कांबळे सरच नाहीत. मी काही भाषण करणारी बाई नाही. आमची दारं समोरासमोर, म्हणून उभी राहिलेय.

सर शाळेत विज्ञान शिकवायचे. इथे राहायला आले तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांना आधी आडनाव विचारलं. आठवतंय ना? आडनाव कळलं की माणूस कुठल्या खणात ठेवायचा ते आपण ठरवतो. एकट्या शारदाबेननी आडनाव नाही विचारलं. त्यांनी जिवाणू विचारले!

पाण्याच्या टँकरची रांग होती. दह्यात जिवंत जिवाणू असतात, असं बेनच्या मुलीच्या पुस्तकात निघालं होतं. बेन पक्क्या शाकाहारी. "सर, वो झाड है के जानवर?" सर म्हणाले, आमच्या पुस्तकात वनस्पतींत घातलेत, पेशीला भिंत असते म्हणून. बेन खूश. दही चालू.

मग अभ्यासक्रम बदलला. जिवाणूंच्या पेशीत नीट केंद्रकच नसतं, म्हणून त्यांना वनस्पतींतून काढून वेगळी सृष्टी दिली. सर निघाले बेनना सांगायला. मी म्हटलं, कशाला? कुणाला कळणार आहे? तर म्हणाले, "वहिनी, चुकीचं मी सांगितलंय. बरोबरही मीच सांगायला हवं."

बेन भडकल्या. "पहले बोला झाड है! अब झाड भी नहीं, जानवर भी नहीं! तो मेरे रसोडे में किधर रखूँ?"

"बेन, झाड और जानवर, ये खाने हमने बनाये. दो ही बनाये, इसलिए ये झाड में घुसे. वो तो जैसे थे वैसेच हैं."

बेननी दही सोडलं. सरांशी बोलणंही सोडलं. जिन्यात भेटल्या तरी मान फिरवायच्या. सरांना ते फार लागलं होतं.

गेल्या आठवड्यात सर ऑपरेशनसाठी निघाले. खाली रिक्षा उभी. बेन वाटी घेऊन उतरल्या. विरजण आदल्या दिवशी माझ्याकडूनच नेलं होतं. माणूस सुखरूप परत यावा म्हणून ठेवतात, तसं त्यांनी सरांच्या हातावर दही ठेवलं.

सर म्हणाले, "बेन, इसमें जीव हैं."

"मालूम है. इसीलिए तो दिया."

सरांनी तळहात चाटला आणि रिक्षात बसले. परत आले नाहीत.

बेन, पुढे या. आपण सगळे दोन मिनिटं उभे राहू. कुणी हात जोडा, कुणी नुसतेच उभे राहा. निघालेल्या माणसाला आपल्यात 'जा' म्हणत नाहीत.

सर, या.