शिळं पाणी

— नाही, पिशवी हलवू नका. द्या इकडे. आणि दारातून सरका जरा, उजेड अडतोय. हा मेलेला नाही, आडवा झालाय, फरक आहे. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, इवलीशी, तिच्यामुळे तो आहे तिथं थांबतो — ना बुडत, ना वर येत. पण जीवच घाबरा झाल्यावर तोल कुठून राहणार? तोंड बघा कसं चाललंय. पाण्यात राहून वरची हवा मागतोय, म्हणजे पाण्यानंच दगा दिलाय. काय केलंत? — बदललं. सगळं? — सगळं. नळाचं? — अरे देवा.

ही नळी धरा. हवा येतेय ना? टोक त्याच्या तोंडाखाली, हां, हात हलवू नका. मासा तोंडानं पाणी आत घेतो आणि इथून, कल्ल्यांतून, बाहेर सोडतो. आत लाल झालर असते, पाण्यातली हवा तिथून रक्तात जाते, एवढाच त्याचा कारभार. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, तुम्हाआम्हाला ते चालतं, याची झालर मात्र भाजून निघते. माणसाला पाणी ताजं लागतं, माशाला शिळं. कोपऱ्यातलं ते पिंप बघा, परवा भरलंय, हा आत्ता सोडलाय तो त्यातल्याच पाण्यात, दुकानात मी दुसरं वापरतच नाही. आणि फिल्टरमधला स्पंज? तोही धुतलात? साबणानं? वाटलंच मला. तो काळा चिकटा घाण नसतो हो, तोच तर पाणी राखतो — दहादा सांगितलं, पोरी, टाकी म्हणजे भांडी नव्हेत घासून लख्ख करायला — पण ऐकेल तर शपथ, सगळी आईवर गेलीय —

नळी धरा नीट. सैल का सोडलीत?

कुणाला सांगितलं म्हणजे? गिऱ्हाइकांना. सगळ्यांनाच सांगतो मी. तुम्हीच धुतलात म्हणताय ना, बरं, तुम्ही धुतलात. बायकोवर आळ येऊ नये म्हणून नवरा खोटं बोलला तर मला त्याचं काय — तसं वाईट नाही ते. बरं, राहू द्या. दारात आलात तेव्हाच ओळखलं मी. तुम्हाला नाही, तुम्हाला मी पाहिलंय कुठं? लग्नाला आलो नव्हतो, आणि का आलो नाही ते आता काढू नका. माशाला ओळखलं. डाव्या कल्ल्याची झडप बघा, दुमडलेली, जन्मापासूनची. असला मासा विकला जात नाही, मी बाजूला काढून ठेवला होता, तर म्हणाली, बाबा, हा माझा. घर सोडलं तेव्हा बाईसाहेबांनी नेलं काय? दागिने नाहीत, कपडे नाहीत, स्टीलच्या डब्यात हा. जिनाभर पाणी सांडत गेली. मी वरून बघत होतो. हाक मारायला तोंड उघडलं होतं मी, पण —

ती कशी आहे हे मी विचारत नाहीये. विचारायचं असतं तर केव्हाच विचारलं असतं. जेवते ना वेळेवर? गप्प बसली की ती चिडलेली नसते, घाबरलेली असते, एवढं लक्षात ठेवा. तुम्ही इथं आलात हे तिला ठाऊक आहे? — नाही. वाटलंच.

थांबा. बोलू नका. बघा, सरळ होतोय — होतोय — पडला परत. पण झडप हलतेय. नाही, मी खात्री देत नाही. कल्ले भाजलेत किती ते वरून दिसत नाही, उद्यापर्यंत तगला तर पुढचं बोलू.

आज नेता येणार नाही. इथंच राहील, मी बसतो त्याच्यापाशी. आणि न्यायला तुम्ही येऊ नका, तुमच्या हाती मिळणार नाही. दुकानाचा नियम आहे, ज्यानं मासा निवडला त्याच्याच हाती परत द्यायचा. कधीपासून म्हणजे? आत्तापासून. तिला म्हणावं, तोच डबा घेऊन ये. आणि वाट बघत बसू नको म्हणावं, मासा बरा होवो न होवो, ये.

निघा आता. नळी सोडा, जावईबापू. मी धरतो.