भावाबहिणीचा सर्व्हर

साकोलीच्या बसस्टँडवर माझ्या शेजारी एक बाई अन् तिची कॉलेजातली मुलगी बसल्या होत्या.

"हर्षा, प्रविण पुण्यात, तू घरी. कम्प्युटरवर एकच खेळ कसा खेळता वं?"

"आई, त्याले सर्व्हर लागते, दोघायले एकाच खेळात जोडणारा. मी एआयले मराठीतच सांगतलं, आम्हा भावाबहिणीसाठी सर्व्हर सुरू कर."

"मंग?"

"किती जण खेळणार, येवढं विचारलं. मंग त्यानं स्वतःच टूल वापरून सुरू केला अन् मले सर्व्हरचा पत्ता देल्ला. तो मी प्रविणले पाठवला."

"लय हुशार हाय बाप्पा! प्रविण आला खेळात?"

"आला ना! आम्ही खेळात आपलं करडी गाव बांधून राहिलो. तलाव, धानाच्या बांध्या, सगळं."

"फोनवर तं तो माह्याशी दोन शब्द बोलत नाही."

"खेळतानी लय बोलते."

"मंग आज मलेबी घ्या खेळात."