बोंबलांवरची सीडी

आवडाबाई: कदी गेला रं दामा?

दामाजी: काल दुपारी. जेवून उठलो, बघतो तर गेलेला.

आवडाबाई: आई गो! जाताना काय बोलला?

दामाजी: बोलला. पण इंग्रजीत.

आवडाबाई: इंग्रजीत? कोन गेला तरी कोन?

दामाजी: गेम. काँप्युटरमधला विटांचा गेम.

आवडाबाई: जळला तुजा गेम! शेजारीन फोनवर सांगते, ‘तुमच्या भावाकडं गेला, लवकर या.’ मी डोंबिवलीपासून ठान्याच्या खोपट स्टँडपर्यंत रडत आले. बाजूच्या बाईनं मना पानी पाजला, पाठ चोळली.

आनंद: मी पण हाफ डे टाकून आलोय, मामा. आईला बसमध्ये विचारतोय, कोण गेलं? तर म्हणते, ते तिथं गेल्यावर कळंल, आधी रडून घे.

दामाजी: मी शेजारणीला ‘काँप्युटर गेला’ असंच सांगितलं होतं. तिने पहिला शब्द खाल्ला.

आनंद: सरका, बघू द्या. मी दिला तेव्हा एकदम मस्त चाललेला... हे काय? मी विंडोजच्या जागी लिनक्स टाकलेलं जुन्या सीडीवरून. यात अर्धी पॅकेजं, म्हणजे आतले सुटे भाग, नव्या व्हर्जनची कुठून आली?

दामाजी: तू दिलेल्या मासिकाबरोबर नवीन सीडी होती ना? ती लावली. गेमला आवाज टाकायचा होता.

आनंद: मग ते नाही म्हणालं असेल.

दामाजी: म्हणालं. अमुक लायब्ररी पाहिजे, म्हणजे जोडीचा पार्ट. ती टाकली. तिला आणखी एक पाहिजे होती. ती टाकली, तर तिचं तिसरीशी पटेना. शेवटी पुस्तकात बघितलं. तिथे ‘फोर्स’ लिहिलेलं होतं, म्हणजे जबरदस्तीने घुसवायचं.

आनंद: तुम्ही फोर्स दिलात?

दामाजी: सगळी नोकरी गॅरेजात गेली, आनंदा. पार्ट बसत नसला की हातोडी मारायची, एवढं मला कळतं.

आनंद: मामा, दहीहंडीचं घ्या. खालचा थर बाळकुमचा, वर त्यांचीच पोरं चढलेली. तुम्ही काय केलंत, खालच्यांना मधेच बाजूला करून टेंभी नाक्याची पोरं उभी केलीत. ताकद त्यांच्यात पण आहे. पण वरच्याचा पाय कुठं पडणार, ते त्यांना काय माहीत?

आवडाबाई: मंग हंडीजवलचा गोविंदा?

आनंद: तो मामांचा गेम.

आवडाबाई: पडला बिचारा.

आनंद: टेन्शन नाही. सगळं पुसतो आणि नव्या सीडीवरून कोरं लिनक्स टाकतो.

दामाजी: पुसायचं नाही.

आनंद: अहो, आहे काय त्यात?

दामाजी: मंजुळाचा नंबर आहे. गेममध्ये, सगळ्यात वर. दवाखान्यात नेली त्याच्या आदल्या दिवशी केलेला. तिथून ती काही परत आली नाही.

आनंद: मामीचा... बरं. नव्या गेमला जुना नंबर वाचता येईल का, ते मी सांगू शकत नाही. मग उलटं करू. नव्या सीडीवरचं जेवढं घुसलंय तेवढं काढतो आणि त्या जागी जुनंच परत बसवतो. जुनी सीडी द्या.

दामाजी: चहा घेतोस?

आनंद: सीडी, मामा.

दामाजी: ती कामात आहे.

आनंद: सीडी कामात आहे?

आवडाबाई: मागल्या दारी बोंबलांच्या दोरीवर टांगलीय. कावले पलवायला.

आनंद: ते चकचकीत? मला वाटलं आरसा आहे.

दामाजी: मंजुळाने टांगली. लिनक्स टाकून झालं, आता हिला काय नुसती बसवून ठेवायची का, म्हणाली.

आनंद: बरं, मी काढून आणतो. कात्री कुठाय?

दामाजी: कात्री लावायची नाही! गाठ तिने मारलेली आहे.

आनंद: म्हणून नवीन सीडी लावलीत तुम्ही? जुनी दोरीवरून काढावी लागेल म्हणून?

दामाजी: पावसात पण काढली नाही मी. एकदा सुटली तर परत कोण मारणार?

आवडाबाई: ही आपल्या आयची गाठ हाय, दामा. मंजुळाला मीच शिकवली, नवी नवरी व्हती तवा. सुटती पन, परत पडती पन. थांब.

(आवडाबाई मागल्या दाराने जाऊन सीडी घेऊन येते.)

आनंद: ई! बोंबलाचा वास येतोय हिला.

आवडाबाई: येऊ दे. वाचायची हाय, खायची नाय. घे, साबन लावून धुतलीय.

आनंद: वाचली! एक कावळा चोच मारून गेलाय, तरी वाचली. पण जुनं आत घेत नाही म्हणतंय. नवीन आधीच आहे, म्हणतंय.

दामाजी: मग आता?

आनंद: आता... फोर्स.

दामाजी: हातोडी!

आनंद: हातोडीच. पण पार्ट त्याच गाडीचा. हे बघा, सगळे थर बाळकुमचे. आला गेम. पहिला नंबर... ‘मंगुळा’?

दामाजी: जे दाबायचा तर तिने जी दाबला.

आनंद: दुसरा दामाजी. तिसरा दामाजी. चौथा दामाजी. पाचवा...

आवडाबाई: बस कर रं, लाजतोय तो.

आनंद: आवाज मात्र नाही येणार, मामा. या गेमला आवाजच नाही. कशाला हवा होता पण?

दामाजी: ती खेळताना ओरडायची. ‘पड मेले, पड!’ आता विटा गुपचूप पडतात. घरात कोणी नसल्यासारखं वाटतं.

आवडाबाई: खेल तू. मी हाय ना. पड मेले, पड! डावीकडं! डावीकडं रं!

आनंद: आई, त्यांनी अजून सुरू नाही केला.

आवडाबाई: मंग आदी दोरीचा बगा. कावले बसले असतील.

आनंद: ती नवीन सीडी टांगा. तिची आता तेवढीच लायकी.

आवडाबाई: दामाच टांगल. ये, बस हितं. असा वेढा घ्यायचा, खालून काढायचा, आनि वडायचा. मार आता.

दामाजी: सुटली.

आवडाबाई: परत.

दामाजी: सुटली.

आवडाबाई: अरे, तवर बोंबील नेतील ते!

दामाजी: नेऊ देत दोन-चार. तू आज राहा. गाठ अजून यायची आहे मला.