पेले धुणारीचा अबोला

नाही म्हणजे नाही, बाई. चार वेळा विचारलंत, चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा विचारलंत तर हे फडकं तुमच्या हातात देईन, मग पुसत बसा चौऱ्याऐंशी पेले. ‘देवाने माझं असं भलं केलं’ म्हणून सगळ्यांसमोर साक्ष द्यायला मी चर्चमध्ये उभी राहणार नाही — या रविवारी नाही, पुढच्या नाही, आणि नाताळपर्यंत मागे लागलात तर तेव्हाही नाही. पाळकसाहेबांना सांगा, म्हातारीचे गुडघे दुखतात. दुखतातच ते, खोटं नाही. फार गुणाचे गुडघे माझे, नको तिथे जायचं असलं की बरोब्बर दुखायला लागतात. बसा की. तिथे नको, ते स्टूल लंगडं आहे! तुमच्या आधीच्या पाळकीणबाई त्याच्यावरूनच पडल्या होत्या, आणि पडल्या पडल्या म्हणाल्या, यातही प्रभूची काही योजना असेल. मी म्हटलं, योजना कसली, पाय मोडलाय स्टुलाचा, सुतार बोलवा. सुतार काही आला नाही, योजनाच राहिली. इकडे बसा, खिडकीपाशी.

काय म्हणालात? रोज वापरतात का हे पेले? छे, महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाला, घोटभर द्राक्षरस द्यायला. मग दर शनिवारी कशाला धुते? — धूळ बसते. कपाटाला काच आहे, खरं आहे, पण धूळ काय काचेला विचारून येते? आणि पेला धुवायला घेतला की माणूस कळतो, हे तुम्हाला कोणत्याच पुस्तकात सांगणार नाहीत. गायकमंडळाच्या बाई नुसता ओठ लावतात, रस तसाच ठेवतात, पण ओठांचा लाल रंग मात्र काठावर असा बसवतात की गरम पाण्याला दाद देत नाही. मंडळीचे पंच — ते सोनेरी घड्याळवाले, तुमच्या शेजारी पुढच्या बाकावर बसतात ते — थेंब ठेवत नाहीत तळाला, जिभेने पुसल्यासारखा पेला. पाळकसाहेबांचा? नको, तुम्ही त्यांची बायको. आणि हे तुम्ही-तुम्ही मला काही जमत नाही हं, तू माझ्या धाकटीपेक्षा लहान दिसतेस. तू म्हणू? म्हणतेच.

दोन महिने झाले तुम्हाला इथे येऊन, अजून मंडळीतले सगळे चेहरे ओळखता येत नसतील, आणि माझ्याबद्दल एवढं लिहून आणलंस? वाच बरं पुन्हा, मला वाचता येत नाही, मी शाळेची पायरी चढले ती झाडायला. काय, ‘दुःखातही अढळ विश्वास’? अढळ! हे टेबल अढळ आहे बघ. चार माणसं लागतात सरकवायला. त्याला उभं कर रविवारी. कोणी सांगितलं तुला माझा विश्वास अढळ आहे म्हणून? पंचांनी. वाटलंच. पंचांना काय, त्यांची सगळी माणसं घरी जेवायला येतात.

माझी धाकटी गेली, ते सांगितलं असेल. मागच्या वर्षी. एकतीस वर्षांची होती. प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती ती. दुसऱ्यांची पोरं पायाला धरून उलटी करायची, पाठीवर चापट मारून रडवायची — आणि घरी येऊन सांगायची, आई, आज सात जणांना रडवून आले. तिला ताप आला आणि नवव्या दिवशी गेली. बस. एवढंच झालं. पुढचं सगळं लोकांनी केलं. कोण कोण आले समाधान करायला! गायकमंडळाच्या बाई पहिल्या, म्हणाल्या, देवाला आपल्या बागेसाठी सुंदर फुलं लागतात हो, तो निवडून निवडून नेतो. मी म्हटलं, तुमच्या चारही मुली घरीच आहेत ना अजून? — चहा अर्धा टाकून उठल्या. मग मास्तर आले, चाळीस वर्षं रविवारची शाळा चालवली त्यांनी, त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्याला एक गोष्ट असते. मला सांगायला लागले बायबलातल्या त्या राखेत बसलेल्या भल्या माणसाची, ज्याची दहा मुलं एका दिवसात गेली, तरी त्याने देवाला सोडलं नाही, आणि शेवटी बघा, म्हणाले, देवाने सगळं परत दिलं, दहाच्या दहा मुलं! मी म्हटलं, मास्तर, परत म्हणजे तीच का? नाही, म्हणाले, दुसरी. मग परत काय दिलं हो, मी म्हटलं, मेंढरं आहेत का? आणि ती दुसरी दहा कोणाच्या पोटातून आली? त्याच्या बायकोला कोणी विचारलं? तिचं एक वाक्य आहे त्या सगळ्या गोष्टीत, ते तिने रागात म्हटलंय, आणि तेवढ्यावरून सगळे पुरुष तिला आजपर्यंत नावं ठेवतायत. मास्तर टोपी विसरून गेले. अजून आहे माझ्याकडे, न्यायला येत नाहीत.

हस, हस. चर्चच्या मागच्या खोलीत हसलेलं चालतं. पंच काय म्हणाले, ते तर ऐक — देव झेपेल एवढंच ओझं देतो. अगं, हमालालासुद्धा आधी विचारतात, उचलशील का बाबा म्हणून! मला कोणी विचारलं? आणि म्हणता म्हणता घड्याळ बघितलं त्यांनी, दोनदा. एक भट्टीवाला तेवढा बरा. तो मागच्या बाकावर झोपतो ना, प्रवचनभर, तोच. आला, पाव ठेवला, माझ्यासमोर तासभर बसला, एक अक्षर बोलला नाही, आणि जाताना म्हणाला, उद्याही आणतो. महिनाभर आणला. त्याला ना गाता येतं, ना चार माणसांत प्रार्थना करता येते. त्याला कर उभा रविवारी. पण त्याला कोण विचारतंय, तो घोरतो.

मी रडले नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांनी ठरवलं की हा विश्वास. पुरल्यानंतर पाचव्या दिवशी शनिवार होता, मी इथे आले, बाह्या वर केल्या आणि पेले धुवायला घेतले — तर सगळे दारातून बघून गेले, एकेक करून, जत्रेतल्यासारखे, आणि कुजबुजले, बघा, काय धीर! मागाहून प्रवचनातही आले मी, आधीच्या पाळकांच्या. नाव नाही घेतलं त्यांनी, पण ‘आपल्यातली एक वृद्ध भगिनी’ म्हटल्यावर सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, वृद्ध असशील तू.

साक्ष! तुला कोणी सांगितलं नाही का, मी एकदा दिलीय साक्ष? नाही ना. सांगणारच नाहीत. पंच तर नाहीच नाही. — काही नाही, जाऊ दे. ते ताट इकडे सरकव, ओली बाजू खाली. — काय होती म्हणजे? साक्ष होती. सगळे देतात तशी. तिला ताप होता ना, तेव्हा मंडळीने साखळीची प्रार्थना धरली होती, चोवीस घरं, प्रत्येक घराला एक तास, एकाने संपवली की दुसऱ्याने धरायची, खंड पडू द्यायचा नाही. आठव्या दिवशी, शनिवारी, ताप उतरला. हॉस्पिटलच्या खाटेवर उठून बसली, केस विंचरायला कंगवा मागितला. मला म्हणाली, आई, उद्या पहिला रविवार, पेले कोण मांडणार? जा तू, माझ्याकडे बघत बसू नकोस, मी काही उडून जात नाही. असंच म्हणाली. मग रविवारी मी आले. पेले मांडले. आणि पाळकांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का — तर माझे गुडघे त्या दिवशी काही दुखले नाहीत बघ. ताडकन उभी. म्हटलं, माझी पोर उठून बसली, देवाने तुमचं ऐकलं, माझं ऐकलं, तो ऐकतो हो, तो ऐकतो! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पंच रडले, खरंच रडले, घड्याळ नाही बघितलं. आणि आभाराचं गीत झालं, चारही कडवी, संपलं तर मीच म्हटलं, अजून एकदा. अजून एकदा म्हटलं मी. आणि तेवढ्यात जावई दारात दिसला, तर मी — मी त्याला हाताने बोलावलं. अशी. ये, ये, तूही गा.

तो दूध आणायला खाली गेला होता, पाच मिनिटं. परत वर आला तर… नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, हॉस्पिटलच्या भिंतीवरचं घड्याळ बघितलं त्याने, म्हणाला. आम्ही दुसरं कडवं म्हणत असू तेव्हा. किंवा मी बोलत असेन. तेच मी धरून बसलेय बघ, बोलत होते की गात होते. एक खोकला काढायचा होता देवाने माझ्या घशात. एक ठसका. एवढं मोठं आभाळ सांभाळतो, त्याला एक ठसका जमला नाही? मी तिथे उभी राहून सगळ्या जगासमोर त्याचं नाव मोठं करत होते, आणि तो गप्प ऐकत होता.

त्या साक्षीबद्दल पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही. माझी लाज राखली की त्याची राखली, ते त्यांनाच ठाऊक.

तर आता तुला खरं कळलं. मी त्याच्याशी बोलत नाही. वर्ष होईल. सगळे डोळे मिटतात तेव्हा मी उघडे ठेवते — आणि काय काय दिसतं म्हणून सांगू! पंच मोबाइल बघतात, गायकमंडळाच्या बाई आरशात. ‘आमेन’ म्हणते, ते शेजारणीला बरं वाटावं म्हणून. अशी का बघतेस? भीती वाटली? जा, सांग पाळकसाहेबांना. मग पंच बसतील, ठराव होईल, जी बाई प्रार्थना करत नाही तिच्या हातात प्रभूचे पेले कसे, आणि हे काम देतील त्या लाल ओठवालीला. द्या म्हणावं. — नको, नको गं, सांगू नकोस. एवढंच आहे मला. शनिवार नसला तर मी आठवडाभर करू काय?

का म्हणून येतेस, विचारतेस? बोलत नाहीस तर धुतेस कशाला? तुझं लग्न होऊन किती वर्षं झाली — दोन? मग तुला अजून नीट भांडता येत नाही. माझ्या नवऱ्याशी मी एकदा तीन महिने अबोला धरला होता, माझ्या आईची पेटी न विचारता देऊन टाकली त्याने कोणाला तरी, म्हणून. तीन महिने एक शब्द नाही. पण ताट वेळेवर, कपडे धुतलेले, सदऱ्याचं बटण तुटलं तर लावलेलं. शेजारीण म्हणायची, किती शांत संसार तुमचा! — तुमच्या पंचांच्याच जातीची होती ती. अगं, ताट बंद केलं असतं तर ते घर सोडणं झालं असतं. मी घर कुठे सोडलं होतं? रस्त्याने जाणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही, त्याला काय कोणी अबोला म्हणतं? तो धरायला माणूस घरातलाच लागतो. समोर बसून जेवणारा.

हां. हे लिही तुझ्या कागदावर. लिही आणि वाचून दाखव रविवारी, पाळकसाहेबांचं तोंड बघायला मी पुढच्या बाकावर बसेन. — अगं, फाडलास कशाला? मागची बाजू कोरी होती की! यादी करायला झाली असती. बरं. म्हणजे माझं नाव निघालं यादीतून? निघालं ना? पंचांना काय सांगशील? — ‘तयारी नाही’ म्हण. तेवढं पुरे. आणि तरी त्यांनी माझ्या नावाने हाक मारलीच ना, तर मी उठेन, आणि आत्ता तुला सांगितलं ते भरल्या चर्चमध्ये सांगेन, घड्याळासकट.

प्रार्थना? आत्ता? माझ्यासाठी? तू कर, मी नाही करणार. मिट डोळे, मी बघत बसते, मला सवय आहे. हात ओला आहे माझा, धरू नकोस — बरं, धर.

थांब, सुरू नको करूस. तू बोलणारच आहेस त्याच्याशी, तर एक काम कर. घरात अबोला असला की निरोप तिसऱ्याच्या तोंडून जातात, माझी धाकटी किती पळायची त्या तीन महिन्यांत, आई म्हणते जेवायला या, बाबा म्हणतात मीठ कमी आहे. तसा माझा एक निरोप दे. सांग, म्हातारी अजून रागात आहे. हे आधी सांग, नाहीतर त्याला वाटेल विरघळली. सांग, पेल्यांत खोट काढायला जागा नाही. आणि विचार त्याला — जावई दुधाला गेला होता, मी इथे त्याचं नाव गात होते, तर नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या पोरीच्या उशाशी कोण होतं? होतं का कोणी? एवढंच विचार. बाकी फुलं, ओझं, योजना, त्यातलं काही नको मला.

मोठ्याने नको गं. मनात.

आणि उत्तर आलं तर ते तू मला येऊन सांगायचं नाहीस, कळलं? माझं मला येऊन सांग म्हणावं. मी दर शनिवारी इथेच असते, त्याला ठाऊक आहे.

झालं? मग सोड हात. जा आता, पाळकसाहेब वाट बघत असतील, आणि माझी अजून एक ओळ पुसायची राहिलीय.