चमकेखालची दीर्घिका

पोस्टर छापायच्या दुकानात माझ्यापुढे एक तरुण खगोलशास्त्रज्ञ आणि तिची आत्या उभ्या होत्या.

"आत्या, उद्या परिषदेत सगळे माझ्याच पोस्टरपुढे गर्दी करणार. कोपऱ्यातली ही नवी दीर्घिका मी शोधलीय!"

"हा भुरका ठिपका?"

"ठिपका काय म्हणतेस! अब्जावधी तारे आहेत त्यात."

"अगं, पोस्टरवरच्या या दुसऱ्या फोटोतही कोपऱ्यात आहे की. आणि त्या तिसऱ्यातही! तीन-तीन शोधल्यास? गुणाची गं माझी बाय!"

"तिन्हीत? आकाशाचे भाग वेगळे, तरी त्याच कोपऱ्यात? मेले! कॅमेऱ्यातली चमक आहे ही."

"मग पुसून टाक. त्यात रडायचं काय?"

"थांब, लॅपटॉपवर चमक वजा करते... आत्या! पहिल्या फोटोत हिच्याखाली एक जुनी, माहितीतली दीर्घिका झाकली गेली होती. तिची कड निळी आहे!"

"बरं मग?"

"पिवळे तारे म्हणजे म्हातारे, निळे म्हणजे नुकते जन्मलेले! सगळ्यांनी हिला संपली म्हणून सोडून दिलं होतं, आणि हिच्याकडे अजून पाळणा हलतोय!"

"हलणारच! लोकांना काय, घाईच असते."

"दादा, जुनं पोस्टर रद्द! हे छापा, सगळ्यात मोठ्या आकारात!"

"ताई, निळी शाई संपलीय. पिवळ्यात काढून देऊ?"