मुठीला कुणी पीठ म्हणत नाही

जबाब
दि. १२ फेब्रुवारी २०२५

नाव म्हाळसा बिरू कोळेकर, वय अंदाजे चोपन्न वर्षे, धंदा हॉटेलात भाकऱ्या करणे, राहणार वरकुटे, ता. इंदापूर, जि. पुणे.

मी वर नाव लिहिलेली बाई पोलीस ठाण्यात समक्ष हजर असून विचारल्यावरून सांगते की, बारामती-इंदापूर रस्त्याला, सणसरच्या पुढे असलेल्या हॉटेलात मी सहा वर्षांपासून भाकऱ्या करते. हॉटेलाचे मालक संभाजीराव आहेत. चूल दर्शनी बाजूला, गिऱ्हाइकाला दिसेल अशी मांडलेली आहे. बाहेर 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी आहे. पाटीवरच्या चित्रातली बाई गोरी आहे, ती मी नव्हे. भाकरी मात्र माझी आहे.

मला काल मंगळवारी फुटलेल्या काचेबद्दल विचारले आहे. काचेचेही सांगते, परंतु गोष्ट रविवारची आहे म्हणून रविवारपासून सांगते. जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार माधवीताई यांनी थोडक्यात सांगा असे म्हटले. थोडक्यात सांगितले तर ते खोटे होईल.

रविवार दि. ९ रोजी दुपारी एकच्या सुमारास पणदरे येथील रेश्मा दीपक भापकर व त्यांची मुलगी संस्कृती, वय नऊ, अशा दोघी स्कूटीवरून हॉटेलात आल्या. रेश्माबाईंचे पती दीपकराव कारखान्यात ड्यूटीवर असल्याने सोबत नव्हते. मुलगी इंदापूरला शाळांच्या पळण्याच्या शर्यतीत दुसरी आली होती व तिच्या गळ्यात मेडल होते. आईने टेबलावर मुलीचा डबा उघडला. त्यात सकाळची भाकरी होती. मुलगी डबा सोडून चुलीपाशी येऊन उभी राहिली आणि तव्याकडे बघू लागली.

आई म्हणाली, "संस्कृती, आपला डबा हाय की बाळा."

मुलगी म्हणाली, "शाळेत डबा, लग्नात डबा, वाढदिवसाला गेलं तरी डबाच. आज मी पळून आलीये ना, आज तरी मला ताटात वाढ ना गं."

रेश्माबाईंनी डब्याचे झाकण लावले. नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या की, परात आणि तवा साबणाने धुऊन हिची भाकरी वेगळी करून द्याल का. मला राग आला. मी म्हणाले, "का बाई, आमच्या हातचं चालंना व्हय? सोवळं असंल तर हॉटेलात कशाला यायचं?"

त्या म्हणाल्या, "सोवळं न्हाय वो मावशी, आजार हाय. हिला गहू अजिबात चालत न्हाय. कणभर गेला तरी आतड्याला इजा होती. जन्माचं पथ्य हाय."

मी हसले. मी म्हणाले, "आमच्यात पाव्हण्याला गव्हाची पोळी करत्यात, आन तुमी म्हणताय गहू म्हंजी इख."

त्या म्हणाल्या, "हिला इखच हाय."

त्यांनी पीठ निव्वळ ज्वारीचे आहे का असे विचारले. मी डबा उघडून दाखवला. त्यांनी चिमूटभर बोटावर घेऊन पाहिले. पुन्हा विचारले. मी परात धुतली, तवा राखेने घासून पुन्हा साबणाने धुतला. मनापासून नाही, पण धुतला. गव्हामुळे कुणाला काही होते यावर माझा विश्वास बसला नव्हता, हे खरे सांगते. बड्या घरच्या लेकरांची थेरं, असे मी मनात म्हणाले. ते घर तसे बडे नाही हे मला नंतर समजले.

पहिली भाकरी थापताना मोडली. ज्वारी जुनी झाली, पीठ दळून फार दिवस झाले, की पिठाची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो आणि भाकरीला चिरा पडतात. नवी ज्वारी अजून रानात आहे, त्यामुळे पीठ जुन्या ज्वारीचे होते. मुलगी हसून म्हणाली, "मावशी, तुमची मोडली!" दुसरी उचलतानाच तुटली. बाजूच्या टेबलावरचे गिऱ्हाईकही हसले. पिठाला कुणी नावे ठेवत नाही, बाईलाच ठेवतात, नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात. मी कळायला लागल्यापासून भाकऱ्या थापते. माझे नाक कापल्यासारखे झाले.

अशा वेळी पिठावर उकळते पाणी ओतून मळले तर भाकरी जमते. त्याला आधण ठेवावे लागते, दहा मिनिटे जातात. दुसरा उपाय म्हणजे मूठभर कणीक घालायची. पोळीच्या गव्हाच्या पिठाचा डबा माझ्या उजव्या हाताला असतो. रेश्माबाई त्या वेळी फोनवर बोलत बाहेर गेल्या होत्या. मी डब्यात हात घातला, एक मूठ घेतली आणि ज्वारीच्या पिठात मिसळली.

तिसरी भाकरी टम्म फुगली. मुलीने टाळ्या वाजवल्या. तिला मी स्वतः ताटात वाढले, वर लोण्याचा गोळा दिला. ती दीड भाकरी खाऊन म्हणाली, "आई, तुझ्यापेक्षा भारी हाय." फोन संपवून आलेल्या रेश्माबाई हसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. ते पाहून मला बरे वाटले, आणि त्या लेकराचा लळा लागल्यासारखे झाले.

जाताना रेश्माबाईंनी तिसऱ्यांदा विचारले, "मावशी, गहू न्हाय ना कशात?" मी म्हणाले, "न्हाय वो बाई, ज्वारीचीच भाकरी हाय." त्या वेळी आपण खोटे बोलतो आहोत असे मला वाटले नाही. आमच्यात मुठीला कुणी पीठ म्हणत नाही. भाकरीत मीठ घातले म्हणून तिला कुणी मिठाची भाकरी म्हणत नाही, तसेच ते मी धरले.

मंगळवार दि. ११ रोजी सकाळी साडेदहा वाजता रेश्माबाई व दीपकराव हॉटेलात आले. रविवारी संध्याकाळपासून मुलीला उलट्या सुरू झाल्या, पोट धरून ती लोळू लागली, आणि तिला बारामतीच्या दवाखान्यात सलाईन लावले आहे, असे त्यांच्या बोलण्यावरून समजले. गहू पोटात गेला असणार असे डॉक्टरांनी सांगितले होते. दीपकरावांनी मालकांना जाब विचारला. संभाजीराव म्हणाले, "आवो, ज्वारीच्या भाकरीत आमी गहू कशाला घालू? घरात इचारा काय खाल्लं ते." त्यांना मुठीबद्दल काही माहीत नव्हते. ते खोटे बोलले नाहीत.

तेव्हा दीपकराव बायकोकडे वळून सगळ्यांसमोर म्हणाले, "मग तूच काहीतरी चारलं असशील. बिस्कीट, वडापाव, काय ते सांग एकदा."

रेश्माबाई म्हणाल्या, "तीनदा इचारलं मी."

"इचारून काय उपेग? डबा हुता ना संगं? सहा वर्षं संभाळलं आन एका दिवसात घालवलंस."

दीपकरावांनी फरसाणाच्या काचेच्या कपाटावर हात आपटला. काच फुटली व त्यांच्याच तळहातात घुसली. कुणाला मारायचा त्यांचा इरादा मला दिसला नाही. रेश्माबाईंनी लगेच आपला पदर त्यांच्या हाताला बांधला. बांधता बांधता त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मावशी, काल जरा डोळं उघडलं तर तुमचंच नाव काढलं तिनं. परत कधी जायचं म्हणती भाकरी खायला."

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होते. मी बोलले नाही. चुलीतले लाकूड मागे ओढले आणि उभी राहिले. मालकांनी ठाण्यात फोन केला. नंतर मी मालकांना मुठीचे सांगितले. ते म्हणाले, "म्हाळसाबाई, काचंचं इचारलं तर काचंचंच सांगा. कशाला हात दाखवून अवलक्षण?" ते वाईट माणूस नाहीत, घाबरले आहेत. काल घरी जाऊन मी परातीला हात लावला नाही. सुनेने भाकऱ्या केल्या.

म्हणून मी आज सांगते की, रविवारी त्या मुलीच्या भाकरीत गव्हाचे पीठ मी घातले. तिच्या आईने काहीही चारलेले नाही. तिने विचारायचे तेवढे विचारले, बघायचे तेवढे बघितले, धुवायला लावायचे तेवढे धुवायला लावले. तिच्यावर आळ येऊ नये. काचेबद्दल माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

सदर जबाब वाचून दाखवताना खोलीचे दार उघडे ठेवावे आणि बाहेर बाकावर बसलेल्या रेश्माबाई व दीपकराव यांना आत बोलवावे, अशी मी विनंती केली. माधवीताईंनी त्यांना आत घेतले व जबाब मोठ्याने वाचला. त्यात 'गव्हाचे पीठ अनवधानाने मिसळले गेले' असे वाक्य होते. अनवधानाने म्हणजे काय असे मी विचारले. लक्ष नसताना, चुकून, असे त्यांनी सांगितले. मी ते वाक्य काढायला लावले. माझे पूर्ण लक्ष होते. गहू मी ओळखते. ती बाई काय सांगते तेही मी ऐकले होते, फक्त मानले नव्हते.

दीपकरावांनी आधी जमिनीकडे पाहिले. नंतर बायकोकडे पाहिले. रेश्माबाईंनी मला एवढेच विचारले, "मावशी, किती घातलं होतं?" दवाखान्यात डॉक्टरांना सांगावे लागेल, असे त्या म्हणाल्या. मला वजनात सांगता येईना. मी मूठ मिटून दाखवली. माधवीताईंनी तेही लिहून घेतले आहे.

आता जबाब पुन्हा वाचून दाखवला. खोडलेले वाक्य सोडून बाकी सर्व मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

निशाणी अंगठा, म्हाळसा बिरू कोळेकर
समक्ष, हवालदार माधवी